परवलीचा शब्द ही आपली सही

(सुरत येथे मराठी शाळांतील शिक्षक, सहकारी संस्थांचे कर्मचारी आणि खानदेशातून येऊन तेथे स्थायिक झालेली कुटुंबे यांच्या मेळाव्यात एका निवृत्त लेखापरीक्षकाने केलेल्या भाषणाची ही संहिता. ग्रामपंचायत, शाळा आणि पतसंस्था यांच्या दप्तराशी ज्यांचा नित्य संबंध येतो अशा आपल्या वाचकांना ती उपयोगी पडेल, या विश्वासाने येथे देत आहोत. – संपादक)



लेखापरीक्षकाला भाषणाचे आमंत्रण क्वचितच येते. ज्याच्या येण्याची वार्ता कळताच कचेरीतील मंडळी रात्री जागून कीर्द पुरी करतात, अशा माणसाला मुद्दाम बोलावून त्याचे चार शब्द ऐकावेत असे आपणांस वाटले, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

मी मूळचा खानदेशचा. तापी खोऱ्याच्या रेल्वेने भुसावळ, अमळनेर, नंदुरबारकडून जी असंख्य कुटुंबे पोटापाण्यासाठी सुरतेस आली आणि उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत स्थिरावली, त्यांतीलच एक आमचे. सनदी लेखापालाच्या कचेरीत मी पस्तीस वर्षे काढली. या काळात सुरतेच्या कापडबाजारातील पेढ्या, हिऱ्यांच्या कचेऱ्या, आणि तापीच्या वरच्या अंगाला असलेल्या पतसंस्था व शिक्षणसंस्था यांची दप्तरे मी तपासली. नोकरीस लागलो तेव्हा दप्तर म्हणजे लाल कापडात बांधलेल्या वह्या होत्या. निवृत्त झालो तेव्हा बहुतेक दप्तर संगणकात गेले होते. वह्या गेल्याचे मला दुःख नाही. परंतु वह्या सांभाळण्याची जी शिस्त आपल्या वाडवडिलांनी घालून दिली होती ती नव्या दप्तराला आपण लावली काय, हा प्रश्न मला सेवेच्या अखेरच्या वर्षांत वारंवार पडत असे. त्याविषयीच आज बोलावे म्हणतो.

मी यंत्रज्ञ नव्हे. संगणकाच्या पोटात काय चालते ते सांगणारे तज्ज्ञ निराळे आहेत आणि त्यांचे काम ते करीत आहेत. माझे बोलणे आपल्या रोजच्या सवयींपुरते आहे. कारण माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक प्रकरणांत चोर भिंत फोडून आत आला नव्हता, आपणच त्याला किल्ली दिलेली होती.

पुडीला काटा, शब्दाला नाही

येथील महिधरपुऱ्याचा हिरेबाजार आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. भर रस्त्यात, दुचाकीला टेकून, व्यापारी कागदाची पुडी उलगडतात आणि लाखो रुपयांचा माल एका हातातून दुसऱ्या हातात जातो. सारा व्यवहार विश्वासाचा. परंतु पुडी देताना वजन होते आणि परत घेतानाही वजन होते. समोर सख्खा भाऊ असला तरी काटा चुकत नाही, आणि वजन केले म्हणून कोणी रागावतही नाही. विश्वास आणि पडताळणी यांत वैर नाही, हे या बाजाराइतके स्पष्टपणे मला कोठेच दिसले नाही.

अशाच एका पेढीत मी तपासणीला बसलो होतो. कॅरेटच्या शंभराव्या भागापर्यंत वजन पाहणारे शेठ गादीवर बसलेले, आणि त्यांच्या डोक्यावरील कॅलेंडरवर, तारखांच्या शेजारी, बँक खात्याचा परवलीचा शब्द, ज्याला आपण सर्रास पासवर्ड म्हणतो, तो पेन्सिलीने लिहिलेला. मी त्याकडे लक्ष वेधले तेव्हा ते हसून म्हणाले, 'बधा आपणा ज माणसो छे.' सगळी आपलीच तर माणसे आहेत! माझ्या मनात आले, हिऱ्यांच्या पुडीलाही आपलीच माणसे हात लावतात, तरी तिच्यासाठी काटा ठेवलेला आहे. मग या शब्दानेच काय अपराध केला?

एका लिपिकाची हकिकत

आता जी हकिकत सांगणार आहे ती सांगताना मला संकोच वाटतो, कारण तीत चूक माझीही आहे. संस्थेचे आणि गावाचे नाव मी सांगत नाही.

एक लहानशी पतसंस्था. शेतकरी, शिक्षक, निवृत्तिवेतनधारक अशांच्या ठेवी. वार्षिक तपासणीत मला असे आढळले की, तिघा वृद्ध ठेवीदारांच्या मुदत ठेवींवर तारण कर्जे उचलली गेली आहेत आणि त्या तिघांना त्याची काहीच कल्पना नाही. त्यांतील एक बाई विधवा होत्या. कापूस विकून वर्षानुवर्षे साठविलेला पैसा त्यांनी तेथे ठेवला होता. संगणकात पाहिले तर कर्जाच्या सर्व नोंदी एकाच लिपिकाच्या नावाने झालेल्या. मी अहवालात लिहिले : 'सदर नोंदी संबंधित लिपिकाने केल्याचे संगणकीय अभिलेखावरून दिसून येते.' वाक्य नियमाला धरून होते. आठवडाभरात त्या लिपिकाला निलंबित करण्यात आले.

खेड्यात माणूस निलंबित झाला म्हणजे गुन्हा शाबीत झालाच, असे धरले जाते. त्याच्या दारावरून जाणारे लोक दुसऱ्या गल्लीने जाऊ लागले. त्याच्या मुलीचा ठरलेला विवाह मोडला. त्याने मला एक पत्र पाठविले. त्यात स्वतःची बाजू मांडली नव्हती, गयावयाही केली नव्हती. नोंदींच्या तारखा एकदा हजेरीपटाशी ताडून पाहाव्यात, एवढीच विनंती होती. मार्चअखेरची कामे होती. ते पत्र माझ्या टेबलावर महिनाभर पडून राहिले.

अखेर मी गेलो आणि हजेरीपट मागविला. पाच नोंदींपैकी दोन नोंदींच्या दिवशी तो लिपिक रजेवर होता. आईच्या उपचारांसाठी तो परगावी गेला होता आणि रजेचा अर्ज दप्तरात रीतसर लावलेला होता. हा कागद माझ्या हाताच्या अंतरावर असताना मी तो पाहिला नव्हता. यंत्राने नाव सांगितले आणि मी ते खरे मानले. पुढे चौकशीत उघड झाले की शाखाधिकारी त्याचा परवलीचा शब्द वापरीत होते. नोंद करणारा एक आणि मंजुरी देणारा दुसरा असावा म्हणून दोन वेगळे शब्द दिलेले. प्रत्यक्षात दोन्ही एकाच माणसाच्या खिशात!

आठ महिन्यांनी लिपिक कामावर परतला. ठेवीदारांचे पैसे हप्त्याहप्त्याने वसूल झाले. मी पुरवणी अहवाल दिला. परंतु मोडलेले लग्न पुरवणी अहवालाने जुळत नाही.

'तुम्ही तो शब्द साहेबांना दिलात तरी का?' असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, 'साहेबांनी मागितला. नाही कसं म्हणायचं? नाही म्हटलं असतं तर माझ्यावर विश्वास नाही का, असं विचारलं असतं त्यांनी.'

मित्रहो, माझ्या पस्तीस वर्षांच्या अनुभवाचे सार या उत्तरात आहे. आपण भिडेपोटी किल्ली देतो. वरिष्ठांनी मागितली म्हणून देतो, सहकाऱ्याचे काम अडते म्हणून देतो, नव्या मुलाला संगणक चांगला येतो म्हणून त्याच्याकडे सोपवून मोकळे होतो. कोऱ्या धनादेशावर सही करून तो कोणाच्या हाती देण्यास आपण धजणार नाही. परंतु परवलीचा शब्द सांगताना आपण तेच करीत असतो. त्या शब्दाने जे जे होईल त्याखाली आपले नाव उमटते. म्हणून तो शब्द ही आपली सही आहे, ही एक गोष्ट आपण घरी घेऊन जावी.

हे केवळ माझे मत नव्हे. आपल्या देशाचा माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० सालचा. त्यात २००८ च्या दुरुस्तीने जे कलम ६६-सी आले, त्यात दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही आणि दुसऱ्याचा परवलीचा शब्द ही दोन्ही एकाच ओळीत बसविली आहेत. यांपैकी कशाचाही अप्रामाणिकपणे वापर करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायद्याने जे एका पंक्तीत बसविले ते आपण मनात वेगळे ठेवू नये.

जुन्या कारभारातील शहाणपण

हा विचार परकीय आहे, संगणकाबरोबर आला आहे, असे कोणी समजू नये. सुरतेत बसून शिवकाळाचे उदाहरण देताना थोडे जपावे लागते, कारण १६६४ आणि १६७० या सालांची आठवण हे शहर अजून विसरलेले नाही! तरीही सांगतो. महाराजांच्या किल्ल्यांचा कारभार एका माणसाच्या हाती नसे. दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी व जमाखर्च सबनिसाकडे, कोठारातील धान्य व सामान यांचा हिशेब कारखानिसाकडे. एकटा कितीही थोर असला तरी एकट्याच्या हातून किल्ला जाऊ नये, ही त्यामागील दृष्टी. परवलीचा शब्द हा शब्दही मूळचा पहाऱ्यावरचा. रात्री येणारा माणूस आपला की परका, हे ओळखण्यासाठी ठरविलेली ती खूण.

इंग्रजी अमदानीपासून चालत आलेल्या कोषागारांतही हीच रीत होती. तिजोरीला दोन कुलपे, दोन किल्ल्या, त्या दोन वेगळ्या माणसांकडे. दोघे हजर असल्याखेरीज तिजोरी उघडत नसे. त्यात कोणाच्या प्रामाणिकपणावर संशय नव्हता. उलट, काही उणे आढळले तर निरपराध माणसावर बालंट येऊ नये, हीच त्यातील मोठी सोय होती.

आणि सुरतेच्या सराफांची हुंडी? येथली हुंडी दूरदूरच्या पेठांत वटत असे. तीत रक्कम आकड्यात लिहीत, अक्षरांत लिहीत आणि शिवाय निम्मी रक्कम लिहून 'तिची दुप्पट' असेही नमूद करीत. रुपये एक हजार, निमे पाचशे, त्याची दुप्पट. मधल्या मधे एखादे शून्य वाढविणाऱ्याची त्यामुळे पंचाईत होई. हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत काढीत, तिला पेठ म्हणत. तीही हरवली तर तिसरी, परपेठ. लिहिलेले बदलता येऊ नये आणि हरवलेले पुन्हा उभे करता यावे, या दोन्ही गोष्टींची काळजी एका कागदावर घेतलेली होती. आजचे तज्ज्ञ मोठमोठे ग्रंथ लिहून सांगतात ते यापेक्षा फार निराळे नाही.

दोन किल्ल्या एका खणात

या कसोटीवर आपल्या गावाचा कारभार पाहा. ग्रामपंचायतीच्या निधीतून पैसे देताना आता सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, या दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. ही सही बोटाएवढ्या एका उपकरणात असते, त्याला डोंगल म्हणतात. व्यवस्था उत्तम आहे. ती कोषागाराच्या दुहेरी कुलपाचीच नवी आवृत्ती. पण अनेक कचेऱ्यांत काय दिसते? दोन्ही डोंगल संगणक चालविणाऱ्या मुलाच्या खणात आणि त्यांचे अंक खणाच्या झाकणावर चिकटविलेले. सरपंचबाई म्हणतात, आम्हाला त्यातले कळत नाही. अधिकारी म्हणतात, माझ्याकडे चार गावे आहेत. दोघांचीही अडचण खरी आहे. परंतु उद्या काही कमीजास्त झाले तर चौकशी खणाची होत नाही, सहीची होते.

सरपंच भगिनींना माझी विनंती अशी की, कळत नाही म्हणून डोंगल दुसऱ्याकडे देऊ नका. कळत नाही म्हणूनच तो आपल्या घरी, दागिन्यांच्या डब्यात ठेवा. पैसे द्यावयाच्या दिवशी तो घेऊन कचेरीत या, प्रमाणक वाचून घ्या, रक्कम व नाव पडद्यावर पाहा आणि मग आपल्या देखत सही होऊ द्या. महिन्यातून दोन-चार वेळा एवढा वेळ काढणे अशक्य नाही. संगणक चालविणाऱ्या मुलाचेही यात हित आहे. ज्याच्याकडे किल्लीच नाही त्याच्याकडे कोणी बोट दाखवू शकत नाही.

अंगठा एकदाच मिळतो

परवलीचा शब्द फुटला तर बदलता येतो. बोटाचा ठसा बदलता येत नाही. पूर्वी सावकाराच्या कोऱ्या कागदावर अंगठा उठवून आपल्या आज्या-पणज्यांनी जमिनी गमावल्या. आज कागद गेला आणि काचेची पट्टी आली, पण अंगठा तोच आहे.

याच सुरत शहरात २०१८ च्या फेब्रुवारीत पोलिसांनी दोन रास्त भाव दुकानदारांना अटक केली. शिधापत्रिकाधारकांची माहिती आणि त्यांच्या बोटांचे ठसे एका बेकायदा संगणक-प्रणालीतून मिळवून, दुकानात न आलेल्या लोकांच्या नावे धान्य उचलल्याचे दाखविले, असा त्यांच्यावर आरोप होता. अशा प्रकरणात बळी कोण ठरतो ते ध्यानात घ्यावे. ज्याच्या बँकेत लाखो रुपये आहेत तो नव्हे. महिन्याच्या अखेरीस पिशवी घेऊन रांगेत उभी राहणारी बाई, जिला 'तुमचे धान्य गेले आहे' असे सांगितले जाते, ती. यंत्रात तिचा ठसा दिसतो, मग तिचे म्हणणे कोण मानणार? माझ्या त्या लिपिकाचीच ही दुसरी आवृत्ती आहे. यंत्राची नोंद हा पुरावा आहे, निकाल नव्हे, एवढे अधिकारी मंडळींनी लक्षात ठेवले तरी पुष्कळ अन्याय टळेल.

यावर काही साधे उपाय आहेत. धान्य घेतल्यावर छापील पावती मागून घ्यावी आणि तीवरील वजन वाचावे. अंगठा लावून बँकेचे पैसे काढताना 'लागला नाही, पुन्हा लावा' असे सांगितले तर आधी पहिल्या वेळची पावती पाहावी. एका अंगठ्याचे पैसे हाती आणि दुसऱ्याचे दुसऱ्याच्या खिशात, असे होऊ शकते. आधारचे ठसे कुलूपबंद करण्याची सोय आधार प्राधिकरणाने विनामूल्य ठेवली आहे. गरज असेल तेव्हा कुलूप काढावे, एरवी लावून ठेवावे. जेथे पूर्ण क्रमांकाची आवश्यकता नाही तेथे ज्यावर शेवटचे चारच अंक दिसतात अशी आधारची प्रत मिळते, ती द्यावी.

शाळेतील याद्या, दुकानातील प्रती

येथे शिक्षकवर्ग मोठ्या संख्येने आहे, म्हणून त्यांच्याशी दोन शब्द. शिष्यवृत्ती, गणवेश, पोषण आहार, परीक्षा अशा प्रत्येक कामासाठी मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक, पालकांची बँक खाती आपण गोळा करता. वरून निकड असते, 'आज सायंकाळपर्यंत पाठवा.' मग ती यादी भ्रमणध्वनीवर व्हॉट्सॲपच्या गटात टाकली जाते. त्या गटात कोण कोण आहे, बदलून गेलेले कोण, हे कोणी पाहत नाही. यादी एकदा गेली की ती परत बोलावता येत नाही. मुलाचा क्रमांक आयुष्यभर तोच राहणार आहे.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला. कायद्याचा आशय आपल्या घरगुती भाषेत सांगावयाचा तर असा : ज्या कामासाठी माहिती मागितली त्याच कामासाठी ती वापरावी, लागेल तेवढीच घ्यावी आणि काम झाल्यावर उगीच बाळगू नये. शेजाऱ्याकडून मागून आणलेली कढई आपण जशी वापरतो, तसेच हे.

गावातील छायाप्रतीच्या दुकानाचीही गोष्ट अशीच. आपण भ्रमणध्वनीवरून कागद दुकानदाराला पाठवितो, तो छापून देतो, आपण पैसे देऊन निघतो. कागद मात्र त्याच्या संगणकात राहतो. तो आपल्यासमोर पुसून टाकण्यास सांगावे. त्यात अपमान वाटण्याचे कारण नाही. प्रत कोठे द्यावयाची असेल तर तिच्यावर कामाचे नाव व तारीख आडवी लिहून सही करावी, म्हणजे तीच प्रत दुसऱ्या कामी लावणे अवघड होते. ही सवय मला माझ्या पहिल्या वरिष्ठांनी लावली. त्या वेळी संगणक नव्हते.

रोजचा ताळमेळ

एवढे करूनही चोरी होणारच नाही, असे मी म्हणणार नाही. पुण्याची कॉसमॉस ही १९०६ साली स्थापन झालेली जुनी सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, काही तासांच्या अवधीत २८ देशांतील यंत्रांतून बनावट कार्डांनी तिचे पैसे काढले गेले आणि १३ ऑगस्ट रोजी आणखी रक्कम हाँगकाँग येथील एका खात्यात वळविली गेली. एकूण ९४ कोटी रुपयांहून अधिक. एरवी कार्डाने पैसे मागितले म्हणजे बँकेच्या मुख्य प्रणालीला विचारले जाते, खाते आहे काय, शिल्लक आहे काय? चोरांनी या वाटेवर मध्येच एक तोतया उभा केला आणि तो परस्पर 'होय, द्या' असे सांगत राहिला. ज्याला विचारावयाचे त्याला विचारलेच गेले नाही. या प्रकरणी पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरविले.

एवढ्या मोठ्या बँकेचे असे झाले, मग आम्ही काय करणार, असे म्हणून हात जोडून बसू नये. दिलेले आणि गेलेले यांचा ताळमेळ जितक्या लवकर घातला जाईल तितके नुकसान थोडे, हा यातील धडा आहे. लहान संस्थेने बँकेचे विवरण रोजच्या रोज कीर्दीशी ताडावे, सुटीच्या आदल्या व दुसऱ्या दिवशी विशेष. पैसे गेल्याचा संदेश ज्या भ्रमणध्वनीवर येतो तो क्रमांक पैसे पाठविणाऱ्याचा नसावा, दुसऱ्या जबाबदार व्यक्तीचा असावा. ही व्यवस्था करण्यास एक पैसाही लागत नाही. तरीही मी तपासलेल्या कित्येक संस्थांत ती नव्हती.

पुराने शिकविलेला धडा

माहिती चोरीला जाते तशी ती बुडतेही. ऑगस्ट २००६ मधील तापीचा महापूर येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. उकाई धरणातून आलेल्या पाण्याने जवळजवळ सारे शहर वेढले होते. पाणी ओसरल्यावर मी एका पेढीत गेलो. संगणक चिखलाने भरलेला. मालक धीराने म्हणाले, 'काळजी नाही, रोज प्रत काढून ठेवीत होतो.' प्रत कोठे आहे, असे विचारताच त्यांचा चेहरा उतरला. ती त्याच खोलीत, त्याच टेबलाच्या खालच्या कपाटात होती. ते वर्षभराचे हिशेब आम्ही गिऱ्हाइकांकडील बिले आणि आडत्यांच्या वह्या मागून आणून पुन्हा उभे केले. त्याला पाच महिने लागले.

म्हणून प्रत काढावी आणि ती दुसऱ्या घरी, शक्य तर उंचावर ठेवावी. आणखी एक गोष्ट विसरू नये. ती प्रत उघडते काय, हे वर्षातून दोनदा तरी पाहावे. जी कधी उघडून पाहिली नाही तिच्यावर विसंबणे म्हणजे न मोजलेल्या शिलकीवर सही करणे होय.

तगादा, भीती आणि गुपित

शेवटचा विषय घरातला. दूरध्वनीवर आवाज येतो, कधी पोलिसाचा, कधी बँकेचा, कधी न्यायालयाचा. 'तुमच्या नावावर गुन्हा आहे, तुम्हाला येथूनच अटक केली आहे, कोणाला सांगू नका, ताबडतोब पैसे भरा.' भलेभले शिकलेले लोक यात सापडले आहेत, म्हणून फसलेल्या माणसाला कोणी हसू नये. दूरध्वनीवर किंवा पडद्यावर अटक करण्याची तरतूद आपल्या कोणत्याही कायद्यात नाही. लेखापरीक्षणात आम्ही एक खूणगाठ बांधलेली असते. ज्या प्रमाणकावर 'अत्यंत तातडीचे' आणि 'गोपनीय' असे दोन्ही शेरे असतील ते दोनदा वाचावे. तगादा, भीती आणि गुपित ही तिन्ही एकत्र आली की दूरध्वनी ठेवून द्यावा आणि घरातील माणसाला हाक मारावी. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो केवळ देण्यासाठी लागतो, एवढे घरातील प्रत्येकाला पाठ असावे.

चूक झालीच तर ती लपवू नये. १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे आणि त्याच वेळी आपल्या बँकेलाही कळवावे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकण्यापूर्वी तक्रार पोहोचली तर ते अडविता येण्याची शक्यता असते. रिझर्व्ह बँकेनेही ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने, ज्यात ग्राहकाची चूक नाही अशा व्यवहारात तीन कामकाजाच्या दिवसांत कळविणाऱ्याचे दायित्व शून्य ठरविले. ग्राहकाने स्वतःच गुप्त अंक सांगितला असेल तर मात्र कळवीपर्यंतचे नुकसान त्याचेच. लाजेपायी घालविलेला एक दिवस फार महाग पडतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

मंडळी, माझे बोलणे लांबले. ज्यांच्याविषयी बोललो त्या लिपिकाची आणि माझी गेल्या वर्षी एका लग्नात गाठ पडली. लग्न त्यांच्याच मुलीच्या मुलाचे होते. तेव्हा मोडलेले लग्न पुढे दुसऱ्या घरी जमले आणि संसार चांगला झाला, हे ऐकून माझ्या मनावरचे ओझे थोडे हलके झाले, सगळे नव्हे. बोलता बोलता मी विचारले, पुन्हा कामावर गेल्यावर तुम्ही काय केलेत? ते म्हणाले, 'महिनाभरातच नव्या साहेबांनी पासवर्ड मागितला. मी उभा राहिलो आणि म्हटलं, साहेब, काम सांगा, मी येऊन करून देतो. रात्री दहाला बोलावलंत तरी येईन. पण तो शब्द तेवढा मागू नका.' साहेब रागावले काय, असे मी विचारले. 'रागावले की! आठ दिवस बोलले नाहीत. मग सवय झाली त्यांना.'

आपण कचेरीत, शाळेत, ग्रामपंचायतीत असाल तेथे हे वाक्य नम्रपणे उच्चारावयाची सवय करावी, आणि आपण वरिष्ठ असाल तर कनिष्ठावर ते उच्चारण्याची वेळ आणू नये, एवढीच माझी विनंती आहे.